हजाराचा आरपीएम मीटर : छोट्या आउटबोर्डला लावावा का?

ऑनलाइन दुकानांत ‘टॅको अवर मीटर’ असं शोधलं की काडेपेटीपेक्षा जरा मोठा काळा डबा दिसतो. त्याला छोटा एलसीडी पडदा, एक-दोन बटणं आणि मागून निघालेली लांबलचक लाल वायर असते. एकाच वस्तूवर दहा वेगवेगळी नावं छापलेली आढळतात. किंमत साधारण हजाराच्या आसपास. इंजिन चालू असताना आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) आणि बंद असताना एकूण चाललेले तास दाखवणं, एवढंच त्याचं काम. २ ते २० हॉर्सपॉवरच्या, हाताने खेचून चालू होणाऱ्या आणि टिलर हँडलच्या (हातात धरून वळवायच्या दांड्याच्या) आउटबोर्डसाठी, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनासाठी, तो घेण्यासारखा आहे का? आहे, पण सेटिंग तपासून घेतल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकायचा नाही. चुकीच्या सेटिंगवरचा मीटर आकडा तितक्याच ठसठशीतपणे दाखवतो, आणि त्यावर भरवसा ठेवून आणलेला पाण्यातला पंखा (प्रोपेलर) काही हजारांचा असतो.

टिलरच्या इंजिनाला कंपनी सहसा मीटर देत नाही. मग अंदाज कानाने घेतला जातो आणि कान फसतो. जड होडीवर मोठ्या पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलू पाहणारा, पंखा असला की इंजिन घुमल्यासारखं, भारदस्त वाजतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय दमदार चाललंय! प्रत्यक्षात ५,००० ला पोचायला हवं ते ४,३०० वर अडकलेलं असतं. पूर्ण थ्रॉटल आणि कमी फेरे म्हणजे चौथ्या गिअरमध्ये घाट चढवणं. पिस्टनवर कार्बन साचतो, टू-स्ट्रोकचे प्लग काळे पडतात, इंजिनाचं डोकं तापतं आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. वर्षभराने इंजिन उघडलं की बोल लावला जातो ऑइलला नाहीतर मेकॅनिकला. पंख्याकडे कुणी बघत नाही.

बसवणं

यात इंजिनाच्या वायरिंगला कुठे कापायचं नाही. लाल वायर स्पार्क प्लगच्या जाड केबलभोवती गुंडाळायची आणि मीटर तिच्यातून येणारे झटके मोजतो. बरोबरच्या कागदावर कधी तीन, कधी सहा वेढे लिहिलेले असतात. सुरुवात चार घट्ट वेढ्यांनी करावी. वेढे प्लग कॅपपासून बोटभर अंतरावर, एकमेकांना चिकटून असावेत आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. वेढे कमी पडले तर आकडा मधूनच शून्यावर जातो. फार झाले तर एका ठिणगीचे दोन झटके मोजले जातात आणि ४,८०० च्या जागी ७,००० ते ९,००० मध्ये काहीतरी नाचू लागतं. तसं झालं तर एकेक वेढा कमी करत जायचं.

दुसरी, काळी वायर असेल तर ती इंजिन ब्लॉकच्या बोल्टखाली घ्यायची. रंग लावलेल्या बोल्टवर अर्थिंग मिळत नाही, म्हणून खालचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा आणि वर ग्रीसचा हात द्यावा. लाल वायर दुसऱ्या सिलिंडरच्या केबलजवळून किंवा कॉइलवरून (ठिणगीची वीज देणाऱ्या भागावरून) नेली तर तिकडचे झटकेही तिच्यात उतरतात. शक्यतो इंजिनाच्या दुसऱ्या अंगाने न्यावी. फ्लायव्हील आणि थ्रॉटलच्या दांड्यापासून तर दूरच. वायर बाहेर काढायला कव्हरला भोक पाडू नका, पेट्रोलचा पाइप किंवा टिलरची केबल जिथून जाते त्याच रबरी ग्रोमेटमधून ती निघते. डबा चिकटवायला मिळणारा दुहेरी टेप खाऱ्या हवेत महिनाभरही धरत नाही, त्यामुळे दोन स्टेनलेस स्क्रू वापरावेत. तेही इंजिनावर नाही, होडीच्या आतल्या फळीवर. इंजिनाच्या थरथरीने पडद्याच्या आतले सांधे आधी सुटतात.

आकडा तरीही नाचत असेल तर प्लगचा नंबर बघा. बी७एचएस हा साधा प्लग, बीआर७एचएस हा रेझिस्टर असलेला. त्या मधल्या ‘आर’मुळे विजेचा गोंधळ बराच कमी होतो. मात्र पुस्तकात दिलेल्या नंबरचाच आर-वाला जोडीदार घ्यायचा, उष्णतेचा आकडा (इथे ७) बदलायचा नाही.

सेटिंग : नव्वद टक्के तक्रारी इथल्या

मीटरमध्ये १पी-१आर, १पी-२आर, २पी-१आर असे पर्याय असतात. पी म्हणजे ठिणग्या, आर म्हणजे फेरे. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, हे शाळेत शिकलेलं डोक्यात पक्कं असतं. म्हणून लोक फोर-स्ट्रोकला १पी-२आर ठेवतात आणि ५,००० चे १०,००० दिसले की मीटर खराब म्हणून एक तारा देऊन मोकळे होतात. परीक्षणांमध्ये हीच तक्रार पुन्हा पुन्हा वाचायला मिळते.

खरी गोष्ट अशी की छोट्या इंजिनांत ठिणगी बहुतेक फ्लायव्हीलवरच्या चुंबकाने पडते, आणि फ्लायव्हील दर फेऱ्याला कॉइलसमोरून जातं. इंजिन फोर-स्ट्रोक असलं तरी ठिणगी दर फेऱ्याला पडते. एक कामाची, एक एक्झॉस्टच्या वेळची फुकट. म्हणून एक सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकला बहुधा १पी-१आर लागतं. दोन सिलिंडर, एकच कॉइल आणि तिला दोन केबल असलेल्या छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये दोन्ही पिस्टन बरोबर वर-खाली होत असतील तर तिथेही तेच.

दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकची गंमत वेगळी. तिथे एक पिस्टन वर असताना दुसरा खाली असतो. कॉइल एकच आणि केबल दोन असतील तर दर अर्ध्या फेऱ्याला दोन्ही प्लग एकदम ठिणगी टाकतात, म्हणजे एका केबलवर फेऱ्याला दोन झटके. याला २पी-१आर. प्रत्येक सिलिंडरची कॉइल वेगळी असेल तर मात्र १पी-१आर. फ्युएल इंजेक्शनच्या काही इंजिनांत ठिणगी खरोखरच दोन फेऱ्यांत एकदा असते, तिथे १पी-२आर. इंजिनाचं कव्हर काढून कॉइल किती आणि केबल किती हे मोजायला दोन मिनिटं लागतात.

मग पडताळा घ्यायचा. न्यूट्रलमध्ये गरम झालेलं इंजिन साधारण ९०० ते १,१०० च्या आसपास घुटमळतं, नक्की आकडा पुस्तकात असतो. मीटर ५०० किंवा २,००० दाखवत असेल तर सेटिंग निम्मं किंवा दुप्पट आहे, हे उघड आहे. आणखी खात्री हवी तर फ्लायव्हीलवर चमकणारी चंदेरी पट्टी चिकटवून हातातल्या लेझर टॅकोमीटरने मोजता येतं. हे काम सावलीत करा, उन्हात त्याचा आकडा भरकटतो. आणि किनाऱ्यावर, बादलीत किंवा टाकीत इंजिनाचा पाय बुडवूनच करा. चालत्या होडीत कव्हर काढून फ्लायव्हीलवर वाकणं म्हणजे आपल्या हाताने बोटं गमावणं.

मीटरमध्ये काय खटकतं

पडदा उन्हात चांगला वाचता येतो, पण पोलराइज्ड गॉगल घातला तर एका विशिष्ट कोनात तो पूर्ण काळा दिसतो. डबा आडवा बसवल्यावर हे कळतं, म्हणून स्क्रू मारण्याआधी गॉगल घालून बघावं. आकडा लगेच बदलत नाही, एक-दोन सेकंद मागे असतो. थ्रॉटल ओढल्या ओढल्या वाचलेला आकडा कामाचा नाही.

‘मॅक्स’ नावाची आठवण त्यात असते, ती फसवी आहे. लाटेवरून उडी मारताना पंख्याने हवा खाल्ली की क्षणभर फेरे चढतात आणि तोच आकडा कायमचा बसतो. त्यावरून ‘माझं इंजिन ६,२०० जातं’ असं सांगणारे भेटतात. जे स्थिर पाण्यात अर्धा मिनिट टिकतं तेच खरं.

पाण्याचा प्रश्न आहेच. जाहिरातीत वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी पाणी पडद्यातून शिरत नाही, वायर जिथून डब्यात शिरते तिथून शिरतं. तिथे नवीन असतानाच न्यूट्रल क्युअर सिलिकॉनचा थेंब द्यावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याने तांबं हिरवं पडतं. बॅटरी बदलता येणारा मीटर घ्यायचा की सीलबंद? बदलता येणाऱ्याच्या झाकणात रबरी ओ-रिंग असते. ती दुमडून बसली की पहिल्याच पावसात आत धुकं. सीलबंद मीटर बॅटरीबरोबरच मरतो, पण तोवर कोरडा राहतो. खाऱ्या पाण्यासाठी सीलबंद बरा.

तासांची मोजणी मात्र मनापासून आवडण्यासारखी. नव्या फोर-स्ट्रोकची पहिली ऑइल बदली साधारण १० तासांनी, पुढच्या १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी असं बहुतेक पुस्तकांत असतं. रोज तीन तास चालणाऱ्या पर्यटक बोटीचे १०० तास महिना-सव्वा महिन्यात भरतात. सहा महिने थांबलात तर पाच बदल्या चुकल्या.

आकडा घ्यायची रीत

प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलची पट्टी, म्हणजे तेव्हा फेरे किती ते किती असावेत, दिलेली असते. यामाहाच्या ४० हॉर्सपॉवरच्या एंड्युरोला ती ४,५०० ते ५,५०० आहे, त्यांच्या एफ९.९ आणि एफ१५ या फोर-स्ट्रोकना ५,००० ते ६,०००, सुझुकीच्या डीएफ२०ए ला ५,३०० ते ६,३००. आपल्या इंजिनाची पट्टी आपल्या पुस्तकातूनच घ्यायची, शेजाऱ्याच्या इंजिनावरून नाही.

होडीत रोजचा भार हवा. माणसं, जाळी, बर्फ, भरलेली टाकी, सगळं. तळ घासलेला हवा. भरती किंवा ओहोटी पूर्ण होऊन पाणी थांबलेलं असतानाची वेळ उत्तम. तरीही जाताना आणि येताना दोन्हीकडून पळवून सरासरी काढावी, कारण खाडीचा ओढा वेगात सहज ताशी दोन-तीन किलोमीटरचा फरक पाडतो. वेगासाठी मोबाइलचं जीपीएस पुरतं. माणसं कुठे बसली आहेत तेही लिहून ठेवा. एक माणूस मागून पुढे सरकला तरी छोट्या होडीचा तोल आणि फेरे दोन्ही बदलतात.

आकडा पट्टीच्या खाली आला की लगेच पंखा बदलायला धावू नका. आधी इंजिन बंद ठेवून, कव्हर काढून टिलर पूर्ण पिळा आणि थ्रॉटलचा दांडा शेवटच्या टेकूला टेकतो का बघा. केबल ताणलेली असेल तर दोन-तीन मिलिमीटर कमी पडतात आणि तीनशे फेरे तिथेच जातात. तळाला चिकटलेली कालवं, एक प्लग मेलेला, पेट्रोलच्या पाइपवरच्या, हाताने दाबायच्या फुग्याचा सुटलेला व्हॉल्व्ह, ही मंडळी त्यानंतर. इंजिन २,००० च्या आसपास अडून बसलं आणि पुढे जायलाच तयार नसेल तर दोष पंख्याचा नाही. अनेक फोर-स्ट्रोकमध्ये ऑइलचा दाब पडला की इंजिन स्वतःच तेवढ्यावर थांबतं. ताबडतोब बंद करा.

उलट, फेरे भरपूर चढतात पण होडी पुढे सरकत नाही, असं असेल तर पंख्याच्या आतलं रबर सुटलेलं असू शकतं. पंखा काढा, आतल्या पितळी बुशापासून रबरावरून बाहेरच्या अॅल्युमिनियमपर्यंत रंगाच्या पेनने एक सरळ रेघ ओढा. परत बसवून पूर्ण थ्रॉटलला पळवा आणि पुन्हा काढून बघा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर रबर घसरतंय. मीटरवर ५,५०० दिसतात ते इंजिनाचे, पंख्याचे नव्हेत.

पंखा कोणता

पंख्यावर ९ १/४ × ९ ३/४ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे मऊ लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे गेला असता ते अंतर. शेवटी कंपनीचं अक्षर असतं, ते आतल्या बुशाचं माप सांगतं. व्यास-पिच जुळून अक्षर न जुळलेला पंखा शाफ्टवर चढतच नाही, आणि ऑनलाइन मागवताना नेमकं तेच बघायचं राहून जातं.

मोठ्या इंजिनांसाठी ‘एक इंच पिच म्हणजे १५० ते २०० फेरे’ असा ठोकताळा सांगतात. छोट्या पंख्यांना तो लागू करू नका. ९ इंचांतला एक इंच म्हणजे अकरा टक्के, तिथे फरक तीन-साडेतीनशेपर्यंत जातो. समजा २४ फुटी फायबरची जड होडी आहे, ९.९ चं फोर-स्ट्रोक, वरचाच ९ ३/४ पिचचा पंखा, आणि भरलेल्या होडीत मीटर ४,४०० दाखवतो. पट्टी ५,००० पासून सुरू होते. ८ पिचचा पंखा लावला तर साधारण सहाशे फेरे वाढून इंजिन पट्टीत येतं. वेग कमी होईल ही भीती असते, पण जड होडीत तो बहुधा तेवढाच राहतो किंवा किंचित वाढतो.

का ते आकड्यांत बघा. पंख्याचा कागदावरचा वेग काढायला फेरे गुणिले पिच करायचं आणि त्याला गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) गुणिले ६५६ ने भागायचं, उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. ५,००० फेरे, ८ पिच, २.०८ रेशो म्हणजे सुमारे २९. जीपीएस दाखवतो १२. म्हणजे जवळजवळ साठ टक्के घसरण! वर उठून पळणाऱ्या हलक्या बोटीत ती दहा ते वीस टक्क्यांच्या घरात असते, आणि त्यापेक्षा फार जास्त आली तर काहीतरी बिघडलेलं आहे. जड होडीत मात्र ती मोठीच असणार, कारण पाणी कापत जाणाऱ्या २४ फुटी होडीची मर्यादा ताशी १२ किलोमीटरच्या आसपासच आहे. पुढे ती स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. तिथे जास्त पिच म्हणजे नुसता इंजिनावर भार. मीटर आणि जीपीएस शेजारी ठेवले की हे डोळ्यांनी दिसतं. फेरे ४,२०० वरून ५,००० नेले तरी वेगात जेमतेम एका किलोमीटरची भर. पंख्याला लागणारी ताकद ढोबळमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात जाते, ८० टक्के फेऱ्यांना निम्मीच पुरते. लांबच्या पल्ल्याला थ्रॉटल कुठे ठेवायचा याचं उत्तर त्यातच आहे.

कधी भरलेली तर कधी रिकामी फिरणारी होडी असेल तर पंखा असा हवा की भरलेल्यात पट्टीच्या खालच्या टोकाला पोचेल आणि रिकाम्यात वरचं टोक ओलांडणार नाही. एकाच पंख्यात हे बसत नसेल तर दोन पंखे ठेवावेत. नेहमीच जड ओढायचं असेल तर २.९२ रेशोचं हाय-थ्रस्ट इंजिन, उदाहरणार्थ यामाहाचं टी९.९, जवळजवळ १२ इंची पंखा फिरवतं. ती ओढ साध्या इंजिनाला पंखा बदलून येत नाही.

वाळूच्या पट्ट्यावर घासून टोकं झिजलेला पंखा फेरे वाढवतो, मीटर ते वर्षभरात हळूहळू दाखवतो. वेल्डिंग करून आणलेला पंखा न मोजता लावू नये. सपाट फरशीवर पंखा ठेवा, केंद्रापासून पात्याच्या लांबीच्या सत्तर टक्क्यांवर एकाच पात्यावर दोन बिंदू घ्या, ६० अंशांच्या अंतराने, आणि दोन्हींची फरशीपासूनची उंची मोजा. फरक गुणिले सहा म्हणजे पिच. ३८ मिलिमीटर आले तर २२८, म्हणजे ९ इंच. तिन्ही पाती मोजायची. एक पातं ३५ आणि दुसरं ४० असेल तर थरथर गिअरबॉक्सच्या बेअरिंगला जाते.

बसवताना आधी किल-स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा आणि प्लगची टोपी उपसा. पंख्यामागे गुंतलेली तंगूस काढा, ती सील कापते आणि गिअर ऑइल दुधासारखं पांढरं होतं. पंख्याच्या पुढची जाड वॉशर हमखास विसरली जाते, सगळा रेटा तीच झेलते. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस, मग नट. कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा आवळायचा, सैल करायचा नाही, आणि पिन दरवेळी नवी.

कुणी हा मीटर घेऊ नये? ज्यांच्या इंजिनाला लायटिंग कॉइल (दिवे आणि बॅटरीसाठी वीज तयार करणारी) आणि बॅटरी आहे त्यांनी. त्यांना पोल (चुंबकाच्या टोकांची संख्या) निवडता येणारा गोल डायलचा टॅकोमीटर जास्त भरवशाचा, कारण तो ठिणगीवर नाही, कॉइलच्या पोलवर मोजतो. फक्त पोलचा आकडा पुस्तकातून घेऊन मागचा स्विच त्यावर फिरवावा लागतो. बाकी हाताने खेचायच्या इंजिनाला हजाराचा डबा पुरतो.

होड्या ओढून शाकारतात त्या दिवसांत तो बसवायला निवांत वेळ असतो. पंखा बदलला तर जुना भंगारात देऊ नका, सुटा म्हणून होडीतच राहू द्या आणि त्याच्या बुशाजवळ पांढऱ्या रंगाने लिहून ठेवा : भरलेली ४,४००, रिकामी ५,१००.